काल काय खाल्लंस? एका जपानी मालिकेचं बळ आणि तिची लपायची जागा

कार्यशाळा संपता संपता तू विचारलं होतंस की जपानची 'किनो नानी ताबेता?' (म्हणजे 'काल काय खाल्लंस?') ही मालिका तुला इतकी आवडली, मग तुझ्या मित्राला ती भित्री का वाटावी? दोन पुरुष एका घरात राहतात, रांधतात, जेवतात, झोपतात, आणि घडत काहीच नाही, असं त्याचं म्हणणं. तू स्वतः पुण्यात राहणाऱ्या दोन पुरुषांवर आठ भाग लिहितोयस, म्हणून तिच्यातलं काय घ्यावं आणि काय टाळावं हे तुला हवं होतं. त्या दिवशी हॉल रिकामा करायचा होता, मी 'नंतर सांगते' म्हटलं. आता नीट सांगते.

तुझ्या मित्राचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही, पण ते उडवून लावण्यासारखंही नाही. माझ्या मते या मालिकेचं सगळं बळ तिच्या स्वयंपाकघरात आहे, आणि अवघड प्रश्न आला की ती पळून जाते तीही त्याच स्वयंपाकघरात. हे मी २२ वर्षं मालिकांच्या पटकथा आणि संवाद लिहून जे हाताला कळलंय त्याच्या आधारे सांगतेय, समीक्षक म्हणून नाही.

आधी थोडी माहिती, कारण ती पुढे लागणार आहे. फुमी योशिनागा यांची ही मूळ चित्रकथा. २००७ पासून ती 'मॉर्निंग' या साप्ताहिकात येते आहे. पुरुषांच्या आपसातल्या प्रेमाच्या कथा छापणारी वेगळी मासिकं जपानमध्ये आहेत, त्यांचा वाचकवर्ग मुख्यतः बायकांचा, आणि योशिनागा यांची सुरुवात त्याच वर्तुळात झाली. ही कथा मात्र त्यांनी नोकरदार पुरुष वाचतात अशा साप्ताहिकात नेली. माझ्या दृष्टीने पहिला मोठा निर्णय तोच. लोकलमध्ये घरी जाताना अंक चाळणाऱ्या माणसासमोर त्यांनी दोन पुरुषांचा संसार ठेवला, आणि त्याला धरून ठेवायला पाककृती दिली. एप्रिल २०१९ मध्ये टीव्ही टोकियोवर मालिका सुरू झाली, शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर, १२ भाग. पुढे १ जानेवारी २०२० ला विशेष भाग, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये चित्रपट, २०२३ च्या शरदात दुसरं पर्व.

शिरो काकेई वकील आहे, केंजी याबुकी केशकर्तनकार. दोघांनी चाळिशी ओलांडलेली. शिरोची भूमिका हिदेतोशी निशिजिमा यांची, केंजीची सेइयो उचिनो यांची. शिरो ऑफिसातून वेळेवर निघतो आणि थेट सुपरमार्केट गाठतो. दोघांच्या खाण्याचा महिन्याचा खर्च २५,००० येनच्या आत ठेवायचा हा त्याचा नेम. दुसऱ्या पर्वात महागाई वाढते आणि ही रक्कम ३०,००० वर न्यावी का, यावर घरात खरीखुरी चर्चा होते. आपल्याकडे मालिकेतल्या नायकाला भाजीचा भाव माहीत असल्याचं मला आठवत नाही. नायिकेलाही नसतो. स्वयंपाकघर असतं ते कट रचायला आणि दाराआडून ऐकायला.

आता बळाकडे येते.

पटकथा लिहिताना आपली सगळ्यात मोठी अडचण असते ती मनातलं बाहेर कसं आणायचं ही. रोजच्या मालिकेत आपण ते सरळ बोलून टाकतो, नाहीतर चेहऱ्यावर तीन वेळा कॅमेरा नेतो. शिरो तर भावना बोलून दाखवणारा माणूसच नाही. अशा माणसाला बोलकं करायला लेखकाने त्याच्या मनातला आवाज वापरलाय, पण तो आवाज बोलतो काय? ही भाजी आधी उकडत ठेवू, तोवर मासा मुरेल, मग त्याच कढईत दुसरं परतून घेऊ, म्हणजे सगळं एकाच वेळी ताटात येईल. बस्स, एवढंच. ऑफिसात अपमान झालाय, आईशी फोनवर बिनसलंय, केंजीवर राग आलाय, आणि मनातला आवाज सांगतोय की मुळा किती जाड चिरायचा. आपण बघणारे त्या चिरण्यातून राग ओळखतो. संवाद एका गोष्टीचा आणि सीन दुसऱ्याच गोष्टीचा, हे आपण वर्गात शिकवतो. इथे ते प्रत्येक भागात दिसतं, आणि करणाऱ्याचा घामही दिसत नाही.

त्या स्वयंपाकाला समोरून उत्तर देतो तो केंजी, जेवून. उचिनो यांचं खाणं बघ. पहिला घास तोंडात जातो, डोळे मिटतात, मग तो प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन काय आवडलं ते सांगतो. 'छान झालंय' एवढ्यावर भागवत नाही. समोरच्याने एक तास उभं राहून जे केलं ते मला कळलं, हे तो सांगत असतो. मला तर ही त्यांची प्रेमाची कबुलीच वाटते, आणि ती रोज रात्री होते.

पहिल्याच भागात भांडण आहे. केंजीने सलूनमध्ये शिरोबद्दल सांगितलेलं असतं, शिरोला ते कळतं आणि तो बिथरतो. शिरो ऑफिसात कुणालाच काही कळू देत नाही, केंजी कामाच्या ठिकाणी काही लपवत नाही. एका छताखाली दोन रीती. केंजी रडवेला होऊन विचारतो की सलूनमध्ये जो तो आपल्या बायकोचं-मुलांचं बोलतो, मग मी ज्याच्याबरोबर राहतो त्याच्याविषयी बोलायची मला एकट्यालाच बंदी का? वाक्य साधं आहे. त्यात 'हक्क' हा शब्द नाही, 'समाज' हा शब्द नाही, तरी हक्काबद्दलचं इतकं नेमकं वाक्य मी कुठल्याही भाषणात ऐकलं नाही. कारण ते एका माणसाने दुसऱ्याला, घरात, दुखावल्यावर म्हटलंय.

शिरोच्या आईचा फोन तर मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. ही भूमिका मेइको काजी यांची. मुलाला समजून घ्यायचंच असा या बाईंनी निश्चय केलाय. त्या भरात त्या बोलून जातात की तू गुन्हेगार असलास काय किंवा समलिंगी असलास काय, आमची सगळं स्वीकारायची तयारी आहे. शिरोचा चेहरा बघ तेव्हा. आईला आपण काय बोललो ते कळलेलंच नाही. तिने तर मोठं मन केलंय. विरोध करणारी आई लिहायला सोपी असते, थोबाडीत मारणारा बाप त्याहून सोपा. प्रेमाने जवळ घेता घेता ओरखडा काढणारी आई लिहायला फार ऐकावं लागतं. ही आई मी आमच्या नात्यात पाहिलीय, तूही पाहिली असशील.

मग ती कायोको. सुपरमार्केटमध्ये कलिंगड स्वस्त लागलंय, पण अख्खं दोघांना जास्त. तिथे भेटलेल्या एका अनोळखी गृहिणीलाही तेच हवंय, तिलाही अख्खं नको. अर्धं अर्धं घेऊ म्हणून ती शिरोला घरी नेते, कलिंगड कापते आणि मग एकदम तिच्या लक्षात येतं की आपण परक्या पुरुषाला घरात घेतलंय. ती घाबरते. तिची भीती घालवायला शिरो पटकन सांगून टाकतो की मी पुरुषांवर प्रेम करणारा आहे, तुम्हाला माझ्यापासून धोका नाही. ज्या माणसाने ऑफिसात ही गोष्ट इतकी वर्षं जिवापाड जपली, तो ती एका कलिंगडापायी सांगतो! पुढे तिचा नवरा मोठ्या उत्साहाने म्हणतो की असा आणखी एक जण माझ्या ओळखीचा आहे, गाठ घालून देतो. यात हसू आहे, आणि खरेपणाही आहे, कारण चांगली माणसं असंच काहीतरी करतात. एका नाजूक गोष्टीची कबुली कुठल्या कारणाने निघते ते बघ. अश्रू नाहीत, पाऊस नाही. भाव परवडला म्हणून निघाली.

एक प्रसंग मी किती वेळा पाहिलाय ते मोजलेलं नाही. नववर्षाला शिरो केंजीला आपल्या आईवडिलांकडे घेऊन जातो. भेट सुरळीत होते, थोडी अवघडलेली, जेवण भरपूर. परत येताना केंजीला रडू येतं. प्रियकराच्या आईवडिलांच्या घरी त्याचा जोडीदार म्हणून जायचं, हे त्याचं स्वप्न होतं आणि ते कधी घडेल असं त्याला वाटलं नव्हतं. आता मेलो तरी चालेल, असं तो म्हणतो. इथे आपल्याकडचा कुठलाही लेखक, मीही, शिरोला मिठी मारायला लावेल आणि पार्श्वसंगीत चढवेल. शिरो काय म्हणतो? मरायच्या गोष्टी करू नकोस. तेल कमी करू, साखर कमी करू, मीठ बेताचं टाकू, आणि आपण दोघं खूप जगू. प्रेमाच्या वाक्यात तेल, मीठ आणि साखर! बारा भाग या माणसाने मिठाचंच बोलायचं ठेवलं म्हणून शेवटी मिठाचं वाक्य इतकं आत जातं. याला मी पेरणी म्हणते. पहिल्या भागात टाकलेलं बी शेवटच्या भागांत उगवावं लागतं, आणि त्यासाठी मधल्या प्रत्येक भागात त्याला पाणी घातलेलं असावं लागतं.

आता कच्चे दुवे. इथे तुझा मित्र मला भेटला असता तर मी त्याला चहा पाजून ऐकून घेतलं असतं.

पहिला दुवा शरीराचा. दोन माणसं वर्षानुवर्षं एका पलंगाच्या अंतरावर राहतात आणि पहिल्या पर्वात त्यांच्यात ओठांचं चुंबनही नाही. मूळ चित्रकथाही शय्यागृहाच्या दारापाशी थांबते, तेव्हा दोष एकट्या वाहिनीचा नाही. यावर तू म्हणशील की मुरलेलं जोडपं आहे, कशाला दाखवायचं? मला चुंबनाचा हट्ट नाही. पण हात? थकून आल्यावर खांद्यावर टेकलेलं डोकं, बेसिनपाशी एकमेकांच्या बाजूने जाताना कमरेला सहज झालेला स्पर्श, अंगावरून नीट केलेलं पांघरूण? इतक्या वर्षांच्या सहवासात हे स्पर्श श्वासासारखे होतात. मालिकेत ते मोजूनमापून येतात. एकदा जाणवलं की मग डोळ्यांना तेच दिसत राहतं, दोन नट टेबलाच्या दोन बाजूंना नेमून दिल्यासारखे. स्त्री-पुरुषाचं लग्न झालेलं जोडपं असतं तर दिग्दर्शकाने विचार न करता ते स्पर्श टाकले असते. भीती दिसते ती इथे. आणि स्पर्शाची ती जागा कशाने भरलीय? सूप आणि भाताने.

दुसरा दुवा मला जास्त सलतो. एका भागात ओळखीचं जोडपं शिरोकडे वकील म्हणून सल्ला मागायला येतं. त्यातल्या एकाने स्वतःच्या कष्टाने पैसा कमावलाय, आणि आपल्या पश्चात त्यातला एक येनही आईवडिलांकडे जाऊ नये, सगळं जोडीदाराला मिळावं, असं त्याला वाटतं. जपानमध्ये दोन पुरुषांना लग्न करता येत नाही. टोकियोच्या शिबुया प्रभागाने २०१५ मध्ये जोडीदार म्हणून प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, पण त्याने वारसा मिळत नाही. सापोरोच्या जिल्हा न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये आणि तिथल्या उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये लग्नाची ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली, तरी कायदा बदललेला नाही. म्हणून तिथे जोडपी एक वाट काढतात: एकाने दुसऱ्याला कायद्याने दत्तक घ्यायचं. ज्याच्यावर प्रेम केलं त्याचं कागदावर बाप व्हायचं, म्हणजे मेल्यावर घर त्याच्या नावावर होईल.

किती भयंकर गोष्ट आहे ही, आणि किती नाट्यमय! मालिकेत ती येते, दोन-चार वाक्यांत मांडली जाते, शिरो विचारात पडतो, आणि घरी येऊन फ्रीज उघडतो. मी ओरडले होते टीव्हीकडे बघून. आता भांडं ठेवू नकोस गॅसवर, एक मिनिट थांब, केंजीला सांग हे! पण नाही, परतणं सुरू. मघाशी ज्या तंत्राचं मी कौतुक केलं, मनातलं न बोलता चिरण्यातून दाखवण्याचं, तेच तंत्र इथे लेखकाच्या पळवाटेसारखं वापरलं गेलंय. जे भांडण या दोघांत व्हायलाच हवं होतं ते पुढच्या ताटाखाली झाकून गेलं. प्रत्येक भागाचा उत्तरार्ध पाककृतीला द्यायचा हा साचा ठरला की साचा लेखकाच्या डोक्यावर बसतो. रोजच्या मालिका लिहिणाऱ्या आम्हाला हे चांगलं ठाऊक आहे. आमचा साचा वेगळा, भागाच्या शेवटी धक्का द्यायचा, पण जाच तोच.

तिसरा दुवा केंजी. हळवा, लाडात बोलणारा, मत्सराने फुरंगटणारा. हसू आणायची जबाबदारी बहुतेक त्याच्यावर आणि गांभीर्य शिरोकडे, अशी वाटणी झालीय. घरात एकाने बायको व्हायचं या जुन्या समजुतीकडे ते झुकतं. एक गोष्ट मात्र लेखकाने उलटी केलीय: चूल सांभाळतो तो शिरो, आणि धीट आहे तो केंजी. जगापुढे 'मी असा आहे' म्हणून उभा राहतो तो हा लाडात बोलणारा माणूस. ती धिटाई उचिनो यांनी इतकी मनापासून केलीय की लिहिण्यातली उणीव बरीचशी झाकली जाते. तरी पहिल्या पर्वात शिरोचं घर जितकं दिसतं तितकं केंजीचं माणूसपण त्याच्या माहेरातून, म्हणजे बघ, मीही 'माहेर' लिहून गेले! त्याच्या स्वतःच्या घरच्यांमधून दिसत नाही. हा शब्द मी खोडणार नाही. साचा किती खोल असतो ते तुला कळावं.

बाहेरचं जगही फारच गुळगुळीत आहे. घरमालक, शेजारी जवळजवळ नाहीतच. भीती आहे ती शिरोच्या मनात. त्याला केंजीबरोबर कॅफेत बसायचाही संकोच वाटतो, आणि शेवटच्या भागात तो आपणहून कॅफेत जायचं म्हणतो हे मोठं पाऊल म्हणून येतं. ते आवडलं मला. पण भीतीला बाहेरचं कारण दिसलं नाही की दोष त्या माणसाच्या स्वभावावर जातो. शिरो उगाच घाबरतो, असं बघणाऱ्याला वाटू लागतं. उगाच कसं असेल ते?

मालिकेच्या बाजूने एक सांगायला हवं. ही माणसं स्वतःची चूक दुरुस्त करतात. नववर्षाची ती गोड भेट, जिच्या परतीच्या वाटेवर केंजी रडतो, ती चित्रपटात पुन्हा उघडली जाते. शिरोचे आईवडील त्याला सांगतात की केंजीला पुन्हा आणू नकोस, त्या भेटीचा आईला फार त्रास झाला. ही गोष्ट केंजीला कशी सांगायची म्हणून शिरो त्याला क्योतोच्या सहलीला नेतो, आणि इतकी मोठी भेट कशासाठी म्हणून केंजीच्या जिवाला घोर लागतो. पुढे शिरो घरी सांगतो की नववर्ष मी केंजीबरोबर करणार. आई वाईट झालेली नाही. तिने जे पेललं असं आपल्याला वाटलं होतं ते तिला पेललेलं नव्हतं, एवढंच. पहिल्या पर्वाने जो दिलासा फार स्वस्तात दिला होता त्याची किंमत दोन वर्षांनी चुकती केली. असं करणारे लेखक मला मोठे वाटतात.

मी या सगळ्याकडे इतक्या जवळून का बघते, ते सांगते. माझा एक मावसभाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, ठाण्याला एका मित्राबरोबर १९ वर्षं राहतोय. घरात त्या मित्राचा उल्लेख 'त्याचा रूममेट' असाच. दिवाळीला दादा एकटा येतो. निघताना माझी आई त्याच्या हातात दोन डबे देते. एकात नेहमीचं फराळाचं. दुसऱ्यातला चिवडा कमी तिखट, कारण 'त्याला' तिखट सोसत नाही. हे तिला कुणी कधी सांगितलं, ठाऊक नाही. डब्यावर नाव नसतं. लहानपणापासून मी रोज कुणाला ना कुणाला डबा भरून देताना आईला पाहत आलेय, पण त्या दुसऱ्या डब्याचं झाकण ती दोनदा दाबून बघते.

मालिका पाहताना मला तो डबा आठवला आणि भरून आलं. आई तिला जमेल त्या भाषेत म्हणत होती की तोही आपलाच. मग कधीतरी रात्री उशिरा दुसरी बाजूही लक्षात आली. १९ वर्षांत तिने त्याला एकदाही 'जेवायला ये' म्हटलेलं नाही. डबा दिला की म्हणावं लागत नाही. अन्नाने आपण खूप काही सांगतो आणि खूप काही सांगायचं टाळतोही, आणि दोन्ही वेळा डबा तोच असतो.

एकदा मी एका वाहिनीच्या मालिकेत नायकाच्या धाकट्या भावाचा, पुरुषावर प्रेम करणाऱ्या मुलाचा, ट्रॅक लिहिला होता. सहा भागांची वन-लाइन, म्हणजे थोडक्यातला आराखडा, मंजूर झाली, मग बैठकीत विचारलं गेलं की हे कुटुंबाने एकत्र बसून बघायचं का. भाऊ परदेशी शिकायला गेला आणि पुन्हा आला नाही. मी तेव्हा गप्प बसले, हप्ता चालू होता. ते २०१७ साल. पुढच्याच वर्षी, ६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध बाहेर काढले. त्या दिवशी मला पहिल्यांदा आठवला तो मी परदेशी पाठवलेला मुलगा.

म्हणून आता तुझ्या संहितेकडे येते, दोन भाग वाचलेत त्यावरून.

तुझं घर चांगलं उभं राहिलंय. कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट, गॅलरीत वाळणारे चार शर्ट, दोघांचे माप वेगळे. पण तू खाण्याकडे फार झुकलायस, ते या मालिकेच्या प्रेमापोटी. तुझ्या दोघांतला अनिकेत पहिल्या भागात वरण करतो, दुसऱ्यात पोहे, दुसऱ्याच्या शेवटी पुन्हा थालीपीठ. जपानी मालिकेत स्वयंपाक चालतो कारण शिरो भावनेने मुका आहे. तुझा अनिकेत तर बडबड्या आहे! त्याला कढईची गरज नाही. मुका आहे तो सुहास. मग सुहासला काय येतं? तू लिहिलंयस की तो सायकल दुरुस्त करतो. ती सायकल बाहेर काढ. त्याचा राग, त्याचं प्रेम साखळीच्या वंगणातून दिसू दे. शिरोकडून घ्यायची ती पद्धत, त्याचं पातेलं तिथेच राहू दे.

दुसऱ्या भागातला कायद्याचा सीन चार पानांचा आहे आणि त्यात दोघं एकमेकांना बातम्या वाचून दाखवल्यासारखे बोलतात. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क मान्य केला नाही, हे त्या दोघांना माहीत आहे. ते एकमेकांना कशाला सांगतील? शिवाय एक चूक आहे: सुहास म्हणतो की 'तू मला दत्तक घे, जपानमध्ये घेतात.' आपल्याकडे हिंदू दत्तक कायद्याने, रूढी वेगळी नसेल तर, १५ वर्षं पूर्ण झालेल्याला दत्तक घेता येत नाही. इथल्या जोडप्याच्या हाती राहतं ते मृत्युपत्र आणि बँकेतलं नामनिर्देशन. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून द्यायला काही आडकाठी नाही. तुझा सीन त्या फॉर्ममध्ये आहे. नॉमिनीच्या नावापुढे एक रकाना असतो, 'नाते'. अनिकेतने पेन उचललंय. काउंटरमागची बाई वाट बघतेय, मागे रांग आहे. चार पानं काढून टाक आणि तो रकाना अर्ध्या पानात लिही. तिथे तो काय लिहितो ते मी सांगणार नाही, मला वाचायचंय.

आणि त्यानंतर त्यांना घरी आणून लगेच जेवायला बसवू नकोस. जपानी मालिकेने नेमकं तिथे फ्रीज उघडला होता. जिन्यात दिवा गेलेला ठेव. सुहास किल्ली शोधतोय, अनिकेतचा हात अंधारात त्याच्या पाठीवर आहे, नेहमीसारखा, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खाली येताना त्यांच्या मोबाइलचा उजेड त्या हातावर पडतो. हात काढायचा की ठेवायचा, हे तुझ्या तिसऱ्या भागाचं पहिलं पान. शनिवारपर्यंत पाठव, रविवारी सकाळी मी मोकळी आहे.